कंधारकर बाई आणि तुटक रेघ

कंधारकर बाईंच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे असं विचारलं, तर "ओट्याच्या वायव्येला" असं उत्तर यायचं. डाव्या हाताला, उजव्या हाताला, फ्रिजच्या पलीकडे, असले शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. "डावं-उजवं तुझ्याबरोबर गरगर फिरतं ग मंगल, पूर्व कुठे जात नाही," असं त्या मला म्हणायच्या. रिक्षावाल्यालाही पत्ता दिशांनीच सांगायच्या. हैदराबादेत कोठीच्या चौकात रिक्षा अडली की मागून हुकूम सुटायचा, "भाई, अब ईशान्य में लेलो." तो बिचारा आरशात बघून म्हणायचा, "टीचरम्मा, गल्ली का नाम बोलो ना!" जामबागेतल्या आमच्या गल्लीत त्या सगळ्यांच्याच टीचरम्मा होत्या. नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. मी मात्र त्यांना बाईच म्हणायची.

त्यांच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मागायला गेले तेव्हा मी हैदराबादेत नवी होते. आमचे हे गलाईचं काम करतात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कोरडवाहू भागातली माणसं या एका कामावर देशभर पांगली आहेत. आमच्या वाट्याला हैदराबाद आलं. भाषा येत नव्हती, गल्ल्या कळत नव्हत्या, आणि मी जात्याच घाबरट. बाईंनी भाड्याचं, माणसं किती याचं, काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "गावाकडच्या घराचं दार कोणत्या दिशेला?"

"म्हसोबाच्या," मी म्हटलं.

"आणि म्हसोबा कुठे?"

"ओढ्याच्या अंगाला."

"आणि ओढा?"

"तो आमच्या दाराकडूनच येतो."

तेव्हा कुठे बाई हसल्या. "खोल्या तुला दिल्या. पण मला दाराची दिशा सांगायची. फिकीर नक्को, घाई नाही." मी गावी आईला फोन लावला, सकाळचं ऊन कुठून आत येतं ते विचारलं, आणि चार दिवसांनी दारातूनच सांगितलं, "बाई, आग्नेय." बाईंनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. म्हणाल्या, "हौ. आता तू हरवणार नाहीस."

माझी शाळा आठवीत सुटली. हायस्कूल शेजारच्या गावाला होतं, आई अंथरुणाला खिळलेली, मागे दोन भावंडं. कोणी मुद्दाम काढलं नाही, आपोआपच मी घरी राहिले. पण ते मनात सलत राहिलं. कुठेही सही करायची वेळ आली की हात थरथरायचा. बँकेत गेले तर वाटायचं, समोरच्याला माझ्या कपाळावर 'आठवी' वाचता येतंय. घराबाहेर पडले की गॅस बंद केला का ते बघायला दोनदा माघारी यायची. बाईंना हे सगळं दिसायचं. त्या कधी 'घाबरू नकोस' असं म्हणाल्या नाहीत. त्यांचं वाक्य वेगळं होतं: "घाबर की. पण चालता चालता घाबर."

रविवारी त्यांच्या व्हरांड्यात चारसहा मुलं यायची. आईबाप पुण्यामुंबईहून कंपन्यांत नोकरीला आलेले, मुलांना मराठी बोलता येई पण वाचताना अडखळत. आईबापांनी पाठवलं होतं मराठी शिकायला. बाई भिंतीवर कापडी नकाशा सोडून भूगोलच शिकवायच्या. "वाचायला काहीतरी लागतं की नाही? मग नद्या वाचा!" एकदा एका मुलाने दोन देशांमधली हद्द छान गडद, सलग काढली. बाईंनी ती खोडली.

"सलग नाही राजा. सरहद्द तुटक रेघेने काढायची. एक रेघ, एक टिंब, मध्ये जागा."

"पण का आजी?"

"मधून माणसं यायची-जायची असतात म्हणून."

मी आत भाकऱ्या थापत होते. त्या रेघेचं मला इतकं नवल वाटलं की तव्यावरची भाकरी करपली.

त्याच व्हरांड्यात त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न असायचा. त्यांच्या वडिलांच्या वेळचा एक जाडजूड ॲटलास होता. त्यात शेवटी जगातल्या जुन्या वास्तूंची चित्रं होती, आणि एका चित्रात कंबोडियातल्या अंगकोरच्या जंगलातलं पडकं देऊळ होतं. देवळाच्या भिंतीवर एक प्रचंड झाड बसलेलं, आणि त्याची मुळं वरून खाली, पसरलेल्या बोटांसारखी भिंतीवर उतरलेली. बाई चित्र दाखवून विचारायच्या, "या झाडाने भिंत पाडली आहे, की धरली आहे?" वर्गात दोन तट पडायचे. पाडली, धरली, पाडली, धरली. बाई शेवटपर्यंत उत्तर सांगायच्या नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम. एक दिवस चहा घेताना म्हणाल्या, "मुद्दाम कुठे! मलाच ठाऊक नाही. आणि मंगल, अख्खा जन्म सरहद्दी काढून घेतल्या पोरांकडून, एक सरहद्द डोळ्यांनी बघितली नाही मी. वडील निजामाच्या कचेरीत, मी शाळेत. हैदराबाद सोडून गेले कुठे?"

त्यांचे गुडघे तोवर पार गेले होते. डॉक्टर ते बदलायला सांगत होते. बाईंनी डॉक्टरांना सांगून टाकलं, "जुन्या गुडघ्यांवर एक काम बाकी आहे. ते झालं की नवे घालू."

काम काय, ते गच्चीबावलीहून त्यांचा भाचा अभय आला तेव्हा कळलं. बाईंना ते पडकं देऊळ बघायचं होतं, आणि तेही बँकॉकपर्यंत विमानाने जाऊन पुढे बसने, जमिनीवरची सरहद्द ओलांडून. अभय समजूतदार मुलगा, आत्यावर जीव. त्याने पोटतिडकीने सांगितलं, "आत्या, बँकॉकहूनही विमान थेट तिथे उतरतं. तासाभरात पोचशील. गुडघ्यांचा तरी विचार कर."

"मला पोचायचं नाही रे, ओलांडायचं आहे. विमानातून रेघ दिसते का?"

"एकटीला मी बसने पाठवणार नाही."

"एकटी कुठे? मंगल येते की."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला कोणी विचारलं नव्हतं. कप एकमेकांवर किणकिणायला लागले. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घाबरली. म्हणजे ऐकलं तिने."

मला वाटलं, घरून तरी नकार येईल आणि मी सुटेन. मुलगा पुण्याला आयटीआयला होता, त्यामुळे घरी आम्ही दोघंच. हे जेवता जेवता म्हणाले, "आगं जा की. भाकरी मला बी येत्यात. आपल्या सात पिढ्यांत कोण हिंडायला म्हणून गेलंय का?"

पासपोर्ट आला आणि माझी झोप उडाली. त्यात इंग्रजीत एक ओळ छापलेली होती. बाईंनी चष्मा लावून समजावलं. दहावीच्या आत शाळा सुटलेल्यांच्या पासपोर्टवर ती ओळ येते. अशी माणसं कामासाठी काही देशांत निघाली तर सरकार आधी तपासून बघतं, कोणी फसवून नेऊ नये म्हणून. "आपण कामाला चाललो नाही. हिंडायला जाताना आडकाठी नाही. फार तर विचारतील."

"म्हणजे बाई, कुठल्याही देशात गेले तरी माझी आठवी त्यांना वाचता येणार."

"वाचू दे. खोटं थोडंच आहे?"

"माझ्यामुळे तुम्हाला माघारी फिरावं लागलं तर?"

बाईंनी पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. "तर दोघी माघारी. जायचं तर दोघी, नाही तर कोणी नाही. हे एकदाच बोलते."

त्यांच्या या बोलण्याने मला धीर यायला हवा होता. झालं उलटंच. आता त्यांचं जन्माचं स्वप्न माझ्या त्या एका छापील ओळीवर टांगलं होतं.

शमशाबादला, हैदराबादच्या विमानतळावर, मला भीती होती तसंच झालं. काचेमागच्या साहेबांनी बाईंचा पासपोर्ट पटकन शिक्का मारून दिला. माझा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"कां जा रे अम्मा? काम पे?"

"घूमने," मी म्हटलं.

बाई पुढे सरसावल्या. साहेबांनी त्यांना अदबीने थांबवलं. "टीचरम्मा दिखते आप. बुरा मत मानो. बहुत लोगां को घूमने का बोलके ले जा रे उधर, फिर फँसा दे रे. इनसेच पूछना पड़ता. आप आगे जाओ, बैठो आराम से."

"हम दोनों साथ हैं," बाई म्हणाल्या. "ये नहीं, तो मैं भी नहीं." आणि पाय दुखतात म्हणून आणलेली घडीची छोटी खुर्ची त्यांनी तिथेच, रांगेच्या कडेला उघडली आणि बसल्या. मागची रांग कुरकुरायला लागली. बाईंनी पर्समधून बडीशेप काढून तोंडात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती होती, जशी परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेख करणाऱ्या मास्तरणीच्या चेहऱ्यावर असते. त्या मला उत्तर सांगणार नव्हत्या, हे मला कळून चुकलं.

"क्या देखने जा रे उधर?" साहेबांनी विचारलं.

मी डोळे मिटले. मग माझी हिंदी जशी आली तशी बाहेर पडली. "साहेब, उधर एक झाड है. मंदिर के ऊपर बैठा है. उसने दीवार गिराया कि पकड़ा, ये बाई को मालूम नहीं. मेरे को बी नहीं. वो देखना है."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग बडीशेप चघळणाऱ्या बाईंकडे. "बस, झाड?"

"आणि रेघ," मी मराठीतच म्हटलं.

ते हसले, शिक्का मारला. "देखके आओ अम्मा. मेरे को बी बोलना, गिराया कि पकड़ा."

बाईंनी खुर्ची मिटली. चालता चालता फक्त एवढंच म्हणाल्या, "आठवीचं उत्तर वाईट नव्हतं."

बँकॉकला एक रात्र राहून सकाळी बस पकडायची होती. तिकीट काढताना खिडकीवर पासपोर्ट दाखवून झाले, आणि मला नवीनच धास्ती बसली: हे आता चोरीला गेले तर? आमच्या गलाईवाल्यांची एक जुनी रीत आहे. शुद्ध केलेलं सोनं घेऊन माणूस गावोगावी जातो तेव्हा बंडीच्या आत चोरखिसा शिवतात आणि सोनं आत घालून तोंडही शिवून टाकतात, दुहेरी दोऱ्याने, उलट टीप घालून. हिसकून फाटत नाही, झोपेत उसवत नाही. ती टीप दुकानात पोचल्यावर ब्लेडनेच निघते. माझ्या सासूने मला ती शिकवली होती. बाई झोपल्यावर मी त्यांच्या पर्समधून त्यांचाही पासपोर्ट काढला, माझ्या परकराच्या आतून खिसा लावला, दोन्ही पासपोर्ट आत घातले आणि मन लावून शिवून टाकले. त्या रात्री गाढ झोपले. सुई-दोरा, नेलकटर सगळं नीट आवरून मोठ्या बॅगेत भरलं होतं, आणि बॅग सकाळी बसच्या पोटात गेली.

बसमध्ये चढताना तिकीटच बघितलं. मी निवांत होते. दुपारी सरहद्दीपाशी बस थांबली, सगळे उतरले, आणि गणवेशातली बसची मुलगी हाताने खूण करायला लागली: पासपोर्ट, पासपोर्ट.

बाईंनी पर्स उघडली. मी त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. बाईंनी पर्स बंद केली.

"कुठे शिवलेस?"

"परकरात."

"निघेल?"

"दुकानात निघतं. ब्लेडने."

त्या बसच्या मुलीकडे वळून मराठीतच म्हणाल्या, "थांब ग बाळ, टाके काढायचे आहेत," आणि मला कोपराला धरून तिथल्या स्वच्छतागृहात घेऊन गेल्या. मी नखांनी ओढून पाहिलं, पिन लावून पाहिली. सासूची शिकवण पक्की होती. बाहेरून ती मुलगी दार वाजवत होती. माझ्या डोळ्यांना धार लागली. "बाई, तुम्ही जा असंसुद्धा म्हणता येत नाही मला. तुमचाही आतच आहे."

"रडून दोरा तुटतो का? सरक." बाईंनी घडीची खुर्ची उघडली, बसल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि खाली वाकून परकराचा तो कोपरा दातात धरला. "माझे स्वतःचे आहेत, कवळी नाही," असं दातांतूनच म्हणाल्या. तेवढ्यात एक गोरी बाई आत आली. पांढऱ्याशुभ्र केसांच्या, कडक इस्त्रीच्या साडीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, परदेशाच्या दारात, माझा परकर दातांनी तोडताहेत, हे बघून ती आल्या पावली परत गेली. एकेक टाका कट् कट् तुटत होता. अधूनमधून बाई दम घ्यायला वर व्हायच्या. "नवऱ्याला सांग, तुमचं सोनं कध्धी चोरीला जायचं नाही. मालकाच्याही हाती लागायचं नाही."

मला रडता रडता हसू फुटलं. दोन्ही पासपोर्ट निघाले तेव्हा बाईंच्या ओठाला रक्त आलं होतं. रुमालाने ते टिपून त्या उठल्या, आणि उठताना गुडघा धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. बसच्या मुलीने चाकांची खुर्ची आणली होती. बाईंनी मान हलवली. "नक्को. इथे नाही. हे चालायला आले मी."

इकडचा बाहेर पडायचा शिक्का झाला आणि आम्ही दोन देशांच्या मधल्या तुकड्यावर चालायला लागलो. मला वाटलं होतं तारा असतील, बंदुका असतील. तिथे हातगाड्या होत्या. घराएवढे गठ्ठे लादलेल्या गाड्या माणसं ओढत होती, पोरं कडेवर घेतलेल्या बाया बाजाराला जाऊन परत येत होत्या. एका बारक्या नाल्यावर पूल होता. बाई पुलाच्या मध्यावर थांबल्या, माझा दंड घट्ट धरून खाली वाकल्या, मग आजूबाजूला बघितलं.

"कुठे आहे ग ती?"

"काय बाई?"

"रेघ."

रेघ कुठेच नव्हती. पाणी इकडून तिकडे जात होतं, हातगाड्या तिकडून इकडे. बाई जरा हिरमुसल्या असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आपण मधल्या जागेत उभ्या आहोत."

पलीकडच्या खिडकीवर त्यांनी बाईंना वय बघून वेगळ्या रांगेत घेतलं. बघता बघता त्या काचेपलीकडे गेल्या आणि मी अलीकडे एकटी. समोरच्या साहेबाने माझा पासपोर्ट उघडला. एका कोपऱ्यावर दात उमटलेला होता, तिथे त्याने बोट फिरवलं. मग त्या ओळीवर नजर गेली असावी, कारण त्याने विचारलं, "वर्क?"

ना त्याला माझी हिंदी कळणार, ना मला त्याची भाषा. काचेपलीकडे बाई उभ्या होत्या, आणि बस त्यांच्या मागे. मी मनात म्हटलं, चालता चालता घाबर. डाव्या हाताची मूठ वळून काउंटरवर ठेवली, ही भिंत. त्यावर उजवा हात ठेवून पाचही बोटं हळूहळू खाली सोडली, ही मुळं. आणि माझे डोळे दाखवले, म्हणजे बघायला. साहेबाच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. त्याने त्या देवळाचं नाव उच्चारलं, स्वतःच्या हाताने तशीच मूठ आणि बोटं केली, आणि शिक्का मारला.

बसमध्ये बसल्यावर मी माझा पासपोर्ट बाईंच्या पर्समध्ये ठेवून दिला. बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. बस निघाली, वळण घेऊन रस्त्याच्या दुसऱ्याच बाजूने धावायला लागली. समोरून येणाऱ्या गाड्या भलत्या अंगाने गेल्या. मी पुढची सीट घट्ट धरली, आणि बाई लहान पोरीसारख्या ओरडल्या, "दिसली! मंगल, रेघ दिसली! तिकडे गाड्या डावीकडून जात होत्या, इकडे उजवीकडून!"

सगळी बस बघायला लागली. मी म्हटलं, "बाई, तुम्ही डावं-उजवं म्हणालात."

बाईंनी नाक पुन्हा खिडकीला लावलं. मग म्हणाल्या, "घरी कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या झाडापुढे उभ्या राहिलो. चित्रात ते राखाडी होतं. खरं झाड चांदीसारखं पांढुरकं होतं आणि मान मोडेस्तोवर उंच. मुळं माझ्या कमरेपेक्षा जाड. भिंतीचे काही दगड खाली ढासळून शेवाळले होते, काही मुळांच्या पकडीत अधांतरी होते, आणि काही ठिकाणी डागडुजी करणाऱ्यांनी लोखंडी टेकू लावले होते. लोक येत होते, फोटो काढून जात होते. बाई घडीच्या खुर्चीवर बसून बघत राहिल्या. ऊन सरकलं तशी खुर्ची सावलीत सरकवली आणि पुन्हा बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सांग. पाडली की धरली?"

"आधी पाडली. मग धरली."

"अर्धा मार्क."

"अर्धा का कापला?"

"कारण दिलं नाहीस. भूगोलात नुसत्या उत्तराला अर्धाच."

"तुम्ही तरी सांगा मग."

"मी बघायला आले होते, सांगायला नाही." आणि त्या उठल्या, मुळापाशी गेल्या, आणि ज्या हाताने हजार पोरांच्या वह्यांतल्या सरहद्दी खोडल्या, तो हात मुळावर ठेवून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या कोपराला धरून ठेवलं होतं. परतताना त्या चढउताराच्या दगडांवरून त्यांनी आपला सगळा भार माझ्यावर टाकला. तोवर कधी टाकला नव्हता.

हैदराबादला आल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. गुडघ्यांची तारीख घेतली, आणि मला ओपन स्कूलच्या दहावीला बसवलं. "ती ओळ निघते दहावी झाली की. पण त्यासाठी करू नको. करायची राहिली आहे म्हणून कर." मी भाकऱ्या थापायची आणि त्या ओट्याशी बसून विचारायच्या. भूगोल मला सोपा गेला. मराठी, हिंदी निघाले. गणित काही केल्या निघेना. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा तोंड लपवून बसले होते, तर मागच्या दारातून आवाज, "मंगल, पीठ कुठे आहे?" "नैर्ऋत्येला," मी आतूनच म्हटलं. "मग तिथून घे आणि कामाला लाग. पुढच्या वेळेला बसायचं आहे."

गुडघ्यांची ती तारीख पुढे पुढे जात राहिली आणि आलीच नाही. तपासण्यांत हृदयाचं काहीतरी निघालं आणि बाई दवाखान्यात गेल्या त्या तिथेच राहिल्या. अभय आणि मी आळीपाळीने बसायचो. त्यांना बोललं की दम लागायचा. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत होते आणि माझ्या मनात इतके महिने घोळणारं बाहेर आलं.

"बाई, कारण सापडलं."

त्यांनी डोळे उघडले.

"ते झाड पाडायला आलंच नव्हतं. बी कुठून तरी येऊन भिंतीवर पडलं. त्याला माती पाहिजे होती. मुळं माती शोधत खाली निघाली, वाटेत भिंत. सांध्यांतून शिरावं लागलं, म्हणून दगड हलले. पण मातीत पोचल्यावर मुळं जाड झाली आणि त्याच दगडांना आवळून उभी राहिली. आता भिंत गेली तर झाड पडेल आणि झाड गेलं तर भिंत. म्हणून पाडली आणि धरली, दोन्ही खरं." आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. "मीही तुमच्याकडे खोल्याच शोधत आले होते बाई."

बाईंनी हाताने मला जवळ बोलावलं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पाऊण," त्या म्हणाल्या.

"आता का कापला?"

"शेवटचं वाक्य... प्रश्नाला धरून नाही." आणि हसल्या. त्यांनी माझं बोट धरलं, आणि अभय येईपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या.

घर आता पाडून तिथे मोठी इमारत होते आहे. आम्ही मलकपेठेत राहायला गेलो. अभयने कापडी नकाशा मला दिला. तो इथल्या भिंतीवर आहे, आणि मला इथेही पूर्व कुठे ते पहिल्याच सकाळी बघून ठेवावं लागलं. मध्यंतरी टीव्हीवर दाखवलं, आम्ही ओलांडली ती सरहद्द बंद झाली, दोन्हीकडे सैन्य. हे म्हणाले, "बरं झालं, तवा जाऊन आलात." मी उठून नकाशापाशी गेले. त्या दोन देशांच्या मध्ये एक रेघ, एक टिंब, मध्ये जागा. बोट ठेवून बघितलं. त्या हातगाड्यांवाल्यांचं, कडेवर पोर घेतलेल्या बायांचं काय झालं असेल, कोण जाणे. पण जागा अजून आहे.

तो परकर मी टाकला नाही आणि खिसा पुन्हा शिवलाही नाही. तुटलेले टाके तसेच आहेत. गणिताला तिसऱ्यांदा बसते आहे. पेपरच्या आदल्या दिवशी हात थरथरणारच, त्याला इलाज नाही. बाईंकडे माझा पाव मार्क शिल्लक आहे, तो आता मिळायचा नाही. बाकीचे मात्र मी सोडणार नाही.